मला मान्य नसलेला तिसरा नियम

नववीच्या सहामाहीला विज्ञानाच्या पेपरात 'गतीचा तिसरा नियम लिहा व स्पष्ट करा' असा प्रश्न आला होता. नियम मी बरोबर लिहिला. क्रियाबल आणि प्रतिक्रियाबल समान असतात आणि त्यांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. त्याच्याखाली, जिथे स्पष्ट करायचं होतं तिथे, मी दोनच ओळी लिहिल्या : 'हा नियम मला मान्य नाही. बलं समान आणि विरुद्ध असतील तर ती एकमेकांना खोडून टाकतील आणि जगात काहीच हलणार नाही.' लिहून पेन खाली ठेवलं, पुढचे प्रश्न कोरेच सोडले आणि उरलेला वेळ मान ताठ करून बसून राहिले. विज्ञानात नापास झाले.

दुसऱ्या एखाद्या घरातल्या मुलीच्या हातून हे झालं नसतं. दुसऱ्या घरांत मुलं पुस्तक पाठ करतात, कारण पुस्तक छापलेलं असतं. आमच्या घरात छापलेल्या कागदाचा दरारा कोणालाच नव्हता, कारण तो आमच्याच पलंगाखाली गठ्ठ्यांनी पडलेला असायचा. पप्पा अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत होते आणि कंपनी सुटली की पत्रकं वाटत. अंगात येणाऱ्या बाईबद्दल पत्रक, लग्नातल्या उधळपट्टीबद्दल पत्रक, नवसाबद्दल, मुहूर्ताबद्दल. ती उल्हासनगरला एका सिंधी माणसाच्या प्रेसमध्ये छापली जात. तो प्रूफ वाचता वाचता पप्पांना म्हणायचा, "साईं, इतना गुस्सा चार पन्ने में नहीं बैठेगा, पाँचवा लगाओ." पप्पा पाचवं पान लावत नसत, अक्षर बारीक करत. मला वाचता येऊ लागलं ते त्या बारीक अक्षरावरच. 'कोणी सांगितलं म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका' हे वाक्य मी बाराखडीच्याही आधी शिकले असेन. मग पुस्तकात आहे म्हणून गतीचा नियम तरी का मानावा?

आज इतक्या वर्षांनी मला त्या दोन ओळींची लाज वाटत नाही. हरकत चुकीची होती, पण हरकत होती. त्या वर्गात बाकी सगळ्यांनी जे उतरवलं होतं ते बरोबर होतं आणि त्यातल्या एकालाही त्याचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना पूर्ण गुण मिळाले.

विज्ञानाच्या सरांनी माझा पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. हे सर सकाळी शाळेत झोपाळलेल्या आवाजात शिकवत आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या स्वतःच्या क्लासमध्ये टवटवीत होत. शाळेत फळ्यावर जे अर्धवट राही ते क्लासमध्ये पूर्ण होई. त्यांचा क्लास न लावणारी मुलं म्हणजे त्यांच्या लेखी भिंतीवरचे डाग. "आपल्या वर्गात एक मोठ्या शास्त्रज्ञ आहेत," ते म्हणाले. "उभ्या राहा मॅडम. जगाने मानलं, यांना मान्य नाही. तुमच्याकडे सगळं अमान्यच असतं म्हणा." 'तुमच्याकडे' या शब्दावर त्यांनी जे वजन टाकलं ते कुठल्या तराजूचं होतं हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. मी उभ्या उभ्या विचारलं, "सर, घोडा गाडीला जेवढा ओढतो तेवढंच गाडी घोड्याला मागे ओढते ना? मग गाडी पुढे जाते कशी?"

"चाबकाने," सर म्हणाले.

वर्ग हसला. सर स्वतःच्या विनोदावर खूश झाले आणि जाताना म्हणाले, "वार्षिकला हाच प्रश्न टाकतो. बघू मॅडम मान्य करतात की पुन्हा नववीत बसतात." ही नुसती धमकी नव्हती. आमची शाळा नववीला चाळणी लावायची. दहावीचा निकाल झळकावा म्हणून जी मुलं कच्ची वाटतील ती नववीतच अडकवून ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर शाळेच्या उज्ज्वल परंपरेबद्दल सुविचार लिहायचा. अडकलेला मुलगा वर्ष काढतो. आमच्या वस्तीतली अडकलेली मुलगी बहुधा शाळेत परत जात नाही. आमच्या शेजारची दोन वर्षं पुढची मुलगी अशीच अडकली आणि आता एमआयडीसीत खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होती. माझ्यापुढे काय आहे हे मला तिच्या बोटांना चिकटलेल्या डिंकावरून रोज दिसत होतं.

सुटका सोपी होती. नियम पाठ करायचा, खाली गाइडमधलं स्पष्टीकरण उतरवायचं, मोकळं व्हायचं. पण तेच मला जमत नव्हतं. जे पटलं नाही ते लिहायचं, तर मग पलंगाखालचे गठ्ठे कशासाठी? पप्पांना तर माझं नापास होणं हा आपल्या कार्याचा विजय वाटला. ते माझा पेपर घेऊन विहारात गेले आणि वंदना संपल्यावर त्यांनी त्या दोन ओळी सगळ्यांना वाचून दाखवल्या. "नववीची मुलगी आहे. म्हणते, मान्य नाही!" अर्ध्यांना कौतुक वाटलं, अर्ध्यांना एवढंच कळलं की प्रज्ञा नापास झाली. आई त्या दिवशी भाकरी करत होती. चुलीवर नाही, स्टोव्हवर. त्या स्टोव्हचा भर्र आवाज आणि भाकरीवर पडणाऱ्या तिच्या हाताचा थप थप आवाज यातच माझा सगळा अभ्यास व्हायचा, शेजारी सुकटाची चटणी भाजली जात असायची आणि तिच्या वासाने पुस्तकाची पानंसुद्धा भरून जायची. आई मान वर न करता म्हणाली, "काय मान्य नाही ते लिहिलंस. काय मान्य आहे ते लिहिलंस का?"

पप्पा म्हणाले, "प्रश्न विचारणं महत्त्वाचं असतं, सुमन."

"विचारून झालाय. उत्तर कोण शोधणार, तुमचा प्रेसवाला?"

उत्तर कोणाकडेच नव्हतं. मी पप्पांच्या मित्रांना विचारलं. एकाने सांगितलं, क्रियेला प्रतिक्रिया म्हणजे अन्यायाला उठाव. दुसऱ्याने सांगितलं, हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच होतं. समोरच्या आळीतल्या एका काकांनी तर हे म्हणजे पाप-पुण्यच असं समजावलं. जो तो तिसऱ्या नियमावर आपापलं दुकान मांडत होता. गाडी का हलते हे एकालाही सांगता येत नव्हतं. आजही सभांमधून कोणी 'ही तर क्रियेची प्रतिक्रिया' असं म्हणू लागला की मी ओळखते, या माणसाला कोणाला तरी मारून मोकळं व्हायचंय आणि दोष मात्र पदार्थविज्ञानावर टाकायचाय.

वार्षिक परीक्षा जयंतीनंतर दोन दिवसांनी सुरू होणार होती. जयंती म्हटलं की आमच्या वस्तीत कोणाची हे सांगावं लागत नाही. घराघरात खीर, दारात निळे झेंडे, बायकांच्या अंगावर पांढऱ्या साड्या, आणि दुपारपासून बेंजो पथकाची ठाकठोक. मिरवणुकीचा रथ म्हणजे एक भाड्याचा टेम्पो. त्याला निळं-पांढरं कापड, झेंडूच्या माळा, पुढे मोठी तसबीर, आणि तसबिरीच्या भोवती जयंती उत्सव समिती. ही समिती वर्षभर एकाच कामाची तयारी करायची : टेम्पोवर कोण कुठे उभं राहणार. त्यावरून महिनाभर भांडणं होत, दोनदा बैठक मोडे, एकदा कॉलर धरली जाई आणि शेवटी जागा ठरत. अध्यक्ष यशवंतभाऊ तसबिरीच्या उजव्या हाताला. खजिनदार डाव्या हाताला. बाकीचे मानाप्रमाणे मागे. तरुण पोरं बेंजोपुढे नाचणार, आणि महिला मंडळाने रथाच्या मागे चालायचं. का मागे, हे कोणी विचारायचं नाही. ज्यांच्या तसबिरीला हार घालून हे उभे राहत त्यांनी काय सांगून ठेवलं होतं, तेही विचारायचं नाही. टेम्पोत वाचायला जागा नसते.

त्या संध्याकाळी शिवमंदिराच्या बाजूने वर येणाऱ्या चढावर टेम्पो बंद पडला. तसबिरीभोवतीची रोषणाई आणि यशवंतभाऊंचा माईक, दोन्ही बॅटरीवर. गाडी मुंगीच्या पावलांनी चालत होती आणि भाऊ प्रत्येक कोपऱ्यावर भाषण करत होते. चढावर इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरू होईना. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बॅटरी बैठ गई भाऊ. धक्का मारो. वर नेऊन सोडा, उतारावर चालू करतो."

बेंजो आणि पोरं वळणापलीकडे निघून गेली होती. त्यांच्या आवाजात हाक कोणाला जाणार? टेम्पोच्या मागे होत्या त्या बायका. त्यामुळे ढकलायचं काम आपोआप त्यांच्यावर आलं. आईने पदर खोचला, इतर बायकांनी झेंडे रस्त्याच्या कडेला टेकवून ठेवले आणि सगळ्या टेम्पोच्या मागच्या फळीला भिडल्या. मीही भिडले. रस्ता सगळा रिकाम्या पाण्याच्या पाउचांनी भरलेला होता. समितीने वाटलेलं थंड पाणी पिऊन लोकांनी पिशव्या तिथेच टाकल्या होत्या. आईच्या चपलेखाली एक पाउच आला, तिचा पाय मागे सटकला आणि ती गुडघ्यावर आली. उठली, पुन्हा भिडली, पुन्हा पाय सटकला. मग तिने चपला काढून फेकल्या आणि अनवाणी पाय डांबरावर रोवले. दिवसभर तापलेलं डांबर. तिची बोटं रस्त्यात रुतल्यासारखी वाकली, आणि माझ्या खांद्याला पहिल्यांदा जाणवलं की फळी थोडी पुढे सरकली.

मी ढकलायचं थांबले आणि तिच्या पायांकडे बघत राहिले. हात तेच होते, जोर तोच होता. पाय सटकत होता तेव्हा टेम्पोला काही लागत नव्हतं. पाय टिकला तेव्हा लागलं. आई टेम्पोला ढकलत होती, टेम्पो आईला मागे ढकलत होता, ते खरंच. पण एक बल टेम्पोवर होतं आणि दुसरं आईवर. दोन वेगळ्या अंगांवर. ती एकमेकांना खोडणार कशी? आणि आई मागे का फेकली जात नव्हती? कारण ती पायाने जमिनीला मागे रेटत होती आणि जमीन तिला पुढे रेटत होती. घोडा गाडी ओढतो तो जमिनीच्या बळावर. सहा महिने जी गोष्ट मी कागदावर शोधत होते ती माझ्या आईच्या टाचांखाली होती.

टेम्पो पुन्हा अडला. बायका धापा टाकत होत्या. आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "जोर लगा के... हैशा!"

मी वर पाहिलं. समितीही ढकलत होती. यशवंतभाऊंनी पुढच्या कठड्याला दोन्ही हात लावले होते, खजिनदाराने भाऊंच्या पाठीला खांदा दिला होता, मागचे सगळे पुढच्यांना रेटत होते, चेहरे लालबुंद, मानेच्या शिरा फुगलेल्या. टेम्पोत उभे राहून टेम्पो ढकलणारी माणसं! हाताने कठडा पुढे आणि पायाने टेम्पोचाच तळ मागे. दहा-बारा जणांचा सगळा जोर त्या गाडीच्या आतल्या आत विरत होता, आणि वजन मात्र पूर्णपणे बायकांवर होतं.

मी ओरडले, "भाऊ, खाली उतरा! वरून ढकलून गाडी हलत नाही."

"आम्ही काय झोपलोय का?" यशवंतभाऊ घाम पुसत म्हणाले. "आमचाच जोर चाललाय. तुम्ही बायका मध्येच गप्पा मारायला लागता."

"तुमचे पाय टेम्पोवर आहेत. जमिनीवर पाय असल्याशिवाय ढकलता येत नाही. तिसरा नियम आहे."

वरून कोणीतरी फिदीफिदी हसलं. "तिला मान्य नाही ना तो? नापास झाली ती हीच ना?"

सगळी समिती हसली. पप्पांनी विहारात वाचून दाखवलेल्या माझ्या विजयाची अशी परतफेड झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. आईने एकदा माझ्याकडे बघितलं. मग ड्रायव्हरला म्हणाली, "दादा, चाकांमागे दगड लावा." दगड लागले. आईने फळीवरचे हात काढले, हात झटकले आणि सरळ रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसली. तिच्यामागून एकेक करत सगळ्या बायका जाऊन बसल्या.

"काय झालं?" भाऊ म्हणाले.

"तुमचाच जोर चाललाय ना भाऊ," आई म्हणाली. "चालू द्या. आम्ही बघतो."

त्यांनी खरोखरच जोर लावला. आता इज्जतीचा प्रश्न होता. "हैशा!" झालं, पुन्हा "हैशा!" झालं. झेंडूच्या माळा हलल्या, तसबिरीवरचा हार हलला, कापडाची एक चुणी सुटली. टेम्पो तसूभर हलला नाही. बायकांमधली एक हळूच हसली, मग दुसरी, आणि मग तो हशा त्या चढावर असा पसरला की घरांच्या गच्चीवरून बघणारेही हसू लागले. तरी कोणी उतरेना. उतरावं असं प्रत्येकाला वाटत होतं, पण जो आधी उतरेल त्याची जागा शेजारचा घेईल ही भीती प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होती. चौकात पेपरवाल्यांचा फोटोग्राफर थांबलेला होता ना! शेवटी खजिनदार म्हणाले, "मी जरा लघवीला जाऊन येतो," आणि उतरले. त्यांच्यामागे आणखी दोघांना एकाएकी लघवी लागली. बघता बघता निम्मी समिती खाली आली. यशवंतभाऊ तेवढे तसबिरीचा कोपरा धरून उभे राहिले.

"सगळे उतरले तर तसबीर एकटी पडेल," ते म्हणाले. "शोभतं का ते?"

आई कठड्यावरून उठली. "ते एकटेच उभे राहिले होते भाऊ. तुम्ही मागाहून चढलात."

यावर कोणी हसलं नाही. भाऊ उतरले. उतरताना त्यांना कोणी हात दिला नाही.

मग बायकांनी टेम्पो ढकलला, आणि तो गेला. चाकामागचे दगड मागेच राहिले. समितीच्या लोकांनीही आता हात लावले. एकदा पाय जमिनीवर आल्यावर त्यांचाही उपयोग झाला, हे मी न्यायाने नोंदवते. चढ संपला, उतार लागला, ड्रायव्हरने गिअर टाकला, इंजिनाने दोन ठसके दिले आणि सुरू झालं. भाऊ धावत ओरडले, "थांब, थांब, चढू दे!" ड्रायव्हर हात बाहेर काढून म्हणाला, "अब रोकूंगा नहीं भाऊ, बंद पडेल!" आणि टेम्पो एकट्या तसबिरीला घेऊन चौकाकडे निघून गेला. मागे पांढऱ्या साड्या, आणि साड्यांच्या मागे, चपला फटफटवत, जयंती उत्सव समिती. पुढल्या वर्षी समितीने ठराव केला की महिलांचा मान म्हणून महिला मंडळ रथाच्या पुढे चालेल. पप्पांनी त्या ठरावाचं पत्रकात स्वागत केलं. मला इतकं हसू आलं की ते माझ्यावर रागावले.

घरी आल्यावर आईने परातीत कोमट पाणी आणि मीठ घेऊन पाय बुडवले. टाचा भाजल्या होत्या, एका अंगठ्याचं कातडं निघालं होतं. मी तिच्यासमोर बसून तिला सगळं सांगितलं : कोणतं बल कोणावर, जमीन कुठे येते, समिती का हलवू शकली नाही. ती पाय चोळत ऐकत होती. पप्पा दारात उभे होते. "म्हणजे आता नियम मान्य?" त्यांनी विचारलं, जरा खट्टू होऊनच.

"मान्य," मी म्हटलं. "पप्पा, तो बरोबर होता. बल कोणावर लागतं तेच आपण विचारलं नव्हतं."

आई म्हणाली, "मग लिही तसं. मान्य नाही म्हणायला दोन ओळी पुरल्या. मान्य आहे म्हणायला पानं लागतील."

मी पास झाले, दहावीत गेले, पुढेही शिकले. निकालाच्या दिवशी सर म्हणाले, "शेवटी पाठ केलंत ना मॅडम?" माझा पेपर वाचूनही त्या माणसाला पाठ केलेलं आणि कळलेलं यातला फरक कळला नव्हता, आणि त्याच्याकडे अर्धं अंबरनाथ मुलांना क्लासला पाठवत होतं. आजही व्यासपीठावर लालबुंद चेहऱ्यांनी समाज पुढे ढकलणारे लोक दिसले की मी त्यांचं भाषण ऐकत नाही. त्यांचे पाय कशावर आहेत ते बघते.

पण तो पेपर मला अजून जसाच्या तसा आठवतो. सरांनी शब्द पाळला होता. प्रश्न तोच होता, तिसरा नियम लिहा व स्पष्ट करा. मी नियम लिहिला. खाली लिहिलं : 'हा नियम मला मान्य आहे. कारण, समजा, एका चढावर एक टेम्पो बंद पडला आहे.' मग आईचे पाय लिहिले, जमीन लिहिली, टेम्पोत उभं राहून ढकलणारे लिहिले, प्रत्येकावर लागणाऱ्या बलाला बाण काढले. पान भरलं, दुसरं भरलं. आणि घंटेला अजून भरपूर वेळ असताना, सर समोरच खुर्चीत बसलेले असताना, मी पुरवणीसाठी हात वर केला.